केस गळणारच, पण पोळीत नको: कुत्र्याचं ग्रूमिंग घरच्या घरी

मागच्या फेब्रुवारीत सासूबाईंनी पोळीतून एक केस ओढून काढला, उजेडात धरला, आधी माझ्याकडे बघितलं, मग गुंड्याकडे, आणि म्हणाल्या, "तुझा नाहीये, आखूड आहे." गुंड्या म्हणजे आमचा लॅब, लॅब्राडोर कुत्रा, फिकट पिवळा, वय 6, वजन 34 किलो, आणि त्यातले दोन किलो बहुतेक सोफ्यावरच असतात. त्या दिवसापासून मी हे काम मनावर घेतलं. आता घरात केस दिसतच नाहीत असं नाही, पण पोळीत तरी येत नाहीत, तर कसं करते ते सांगते.

आधी एक गोष्ट मान्य करून टाका, केस गळणं बंद होत नाही. कुठलं तेल, कुठला शॅम्पू, कुठली गोळी, काहीही आणा, धडधाकट कुत्र्याचे केस गळतातच, कारण केस वाढतो, थांबतो, पडतो आणि त्याच जागी नवा येतो. लॅब, गोल्डन, जर्मन शेफर्ड, हस्की, पॉम यांच्या अंगावर दोन थर असतात, वर जाड राठ केस आणि खाली कापसासारखी मऊ लव. पंखा लावला की फरशीवरून गोळे पळतात ना, ते बरेचसे खालच्या थराचे. दिवस लहान-मोठा होतो तसं शरीराला कळतं आणि हा खालचा थर वर्षातून साधारण दोनदा भसाभसा झडतो, आमच्याकडे पुण्यात होळीच्या आसपास आणि मग पाऊस संपता संपता. पण फ्लॅटमध्ये रात्री अकरापर्यंत दिवे, वर एसी, त्यामुळे शरीराचा हिशोबच गंडतो आणि उरलेले महिनेही थोडं थोडं चालू राहतं. म्हणजे केस पडणारच, कुठे पडायचे एवढंच आपल्या हातात, ब्रशमध्ये नाहीतर कणकेत.

शिह त्झू, माल्टीज, पूडल यांचं उलटं असतं. यांचे केस आपल्यासारखे वाढत राहतात, गळतात कमी, पण गळलेला केस खाली न पडता बाकीच्या केसांत अडकून बसतो आणि गुंता होतो. आपले देशी इंडी सगळ्यात कमी कटकटीचे, फक्त त्यांचा आखूड केस सुईसारखा कापडात घुसतो आणि व्हॅक्युमलाही दाद देत नाही.

उन्हाळा आला की "गरम होतंय त्याला, झिरो मशीन मारून टाका" असं सांगणारे सोसायटीत चार जण भेटतात. नका मारू. माहेरी सांगलीला आमच्याकडे पांढरा पॉम होता, म्हणजे ज्याला सगळे पामेरियन म्हणतात तो बऱ्याचदा इंडियन स्पिट्झ असतो, तसलाच, ते असो. बाबांनी एप्रिलमध्ये त्याला एकाकडून पार भादरून आणला. आठवडाभर तो कॉटखालून बाहेर येईना, गच्चीत गेला तर उन्हाने पाठ लालबुंद झाली, आणि नंतर केस आले ते ठिगळं लावल्यासारखे, पाठीवर नुसती लव आणि वरचे केस गायब, नीट व्हायला वर्षाच्या वर गेलं. वरचा थर ऊन अडवतो, तोच काढल्यावर काय होणार. आणि गळणं कमी होतं म्हणाल तर तेही नाही, फक्त लांब केसाऐवजी आखूड केस पडतात. पोटाखाली, शेपटीखाली, पंजाच्या गाद्यांमध्ये थोडं ट्रिम करा, तेवढं पुरतं. शिह त्झूवाल्यांनी मात्र केस कापून छोटे ठेवले तर चालतं, त्यांना सोयीचंच पडतं.

आता सामान. ऑनलाइन बघायला बसलात तर वीस प्रकारचे ब्रश दिसतील, घेऊ नका सगळे. आखूड केसांच्या कुत्र्याला बोथट दातांचा रबरी ब्रश, दाट केसांच्या कुत्र्याला स्लिकर, म्हणजे बारीक वाकड्या तारांचा असतो तो, आणि सगळ्यांना एक स्टीलचा कंगवा, अर्धे दात विरळ अर्धे दाट. ब्लेडवाला डीशेडिंग टूल मिळतो, त्याने पहिल्या दिवशी इतके केस निघतात की माणूस खुश होऊन रोज ओढत बसतो, आणि मग वरचे चांगले केस तुटतात, कातडीवर ओरखडे येतात. तो आठवड्यातून एकदा, हलक्या हाताने, बस. स्लिकर किती दाबायचा हे कळत नसेल तर आधी स्वतःच्या हातावर आतल्या बाजूने फिरवून बघा, तुम्हाला टोचलं तर त्यालाही टोचणार.

वेळ कधीची, तर फिरून आल्यावर, दमलेला असतो तेव्हा. मी बाल्कनीत जुनी चादर अंथरते, पंखा बंद, आणि गळ्यातला पट्टा काढते कारण पट्ट्याखालीच सगळ्यात जास्त केस दबलेले असतात. ब्रश हातात घ्यायच्या आधी नुसता हात फिरवायचा, केसांच्या उलट्या दिशेने, अख्ख्या अंगावर. खपली, गाठ, गोचीड जे असेल ते बोटाला लागतं. कानाच्या आत आणि बोटांच्या मधे मुद्दाम बघा, गोचिडांची आवडती जागा. सापडली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, बोटांनी चिरडू नका, आणि रॉकेल वगैरे अजिबात लावू नका, अजूनही लोक लावतात आणि कुत्रा ते चाटतो.

मग रबरी ब्रश, मानेपासून शेपटीकडे गोल गोल. याने सुटे झालेले केस वर येतात. मग स्लिकर, आणि इथे बहुतेक जण चुकतात, वरच्यावर फिरवतात, वरून कुत्रा चकचकीत दिसतो आणि खाली लव तशीच. डाव्या हाताने केस वर उचलून धरायचे, भांग पाडल्यासारखी कातडीची रेघ दिसली पाहिजे, आणि त्या रेघेपासून खाली एक छोटी पट्टी विंचरायची. मग बोटभर वर सरकून पुढची पट्टी. मांडीच्या मागे, आम्ही त्याला गुंड्याची चड्डी म्हणतो, तिथे झडायच्या दिवसांत पांढरट पुंजके बाहेर डोकावत असतात, दोन बोटांत धरलं की अलगद सुटून येतात, त्याला कळतही नाही. तसा पुंजका दिसला की समजायचं मोसम सुरू झाला, आता रोज. एरवी आठवड्यातून तीनदा पंधरा पंधरा मिनिटं खूप झाली. शेवटी कंगवा, तो कुठेही न अडकता गेला की काम झालं. पोट आणि काखेत कातडी पातळ असते, तिथे हात अगदी हलका.

पळून जात असेल तर पहिल्या आठवड्यात दोनच मिनिटं करा, हातात उकडलेल्या चिकनचा तुकडा, आणि तो उठायच्या आधी आपणच थांबायचं. धरून, दाबून, दोघांनी पकडून केलं तर पुढच्या वेळी ब्रशचा आवाज आला तरी तो पलंगाखाली.

गुंत्याचं वेगळं. कानामागे, काखेत, हार्नेस, म्हणजे छातीचा पट्टा, घासतो तिथे गाठी होतात. थोडा कॉर्नफ्लॉवर चोळा, बोटांनी गाठ फोडत जा, आणि कंगवा आधी केसांच्या टोकाशी, मग हळूहळू मुळाकडे सरकत, मुळाशी दुसऱ्या हाताने घट्ट धरून म्हणजे कातडी ओढली जात नाही. कात्री लावायचा मोह होतो, लावू नका, गाठीबरोबर कातडीही वर आलेली असते आणि आपल्याला दिसत नाही. अगदी जट झाली असेल तर ग्रूमरकडून ट्रिमरने काढून घ्या.

आंघोळ तीन-चार आठवड्यांतून एकदा पुरे. रोज घातली तर कातडीचं तेल जातं, कोंडा होतो, खाज सुटते. आंघोळीच्या आधी विंचरायचंच, गाठ ओली झाली की आवळते. शॅम्पू कुत्र्यांचाच, आपला नको, बेबी शॅम्पूही नको, त्यांच्या कातडीचा पीएच वेगळा असतो. पाण्यात अँटिसेप्टिक लिक्विड टाकायची सवय असेल तर सोडा, आणि टी ट्री ऑइल, कापूर हे घरगुती उपाय कुत्र्यांना विषारी पडतात. कोमट पाणी, कानात कापसाचा बोळा, शॅम्पू पाण्यात पातळ करून, आणि फेस असतानाच रबरी ब्रश फिरवा, कोरड्यात निघत नाहीत तेवढे केस तिथे निघतात. आधी नहाणीच्या जाळीवर जुना मोजा घाला हं, नाहीतर प्लंबर बोलवावा लागतो, आम्ही बोलावलाय. धुताना वाटतं त्याच्या दुप्पट वेळ धुवा. गोचिडांचं मानेवर टाकायचं औषध वापरत असाल तर त्याच्या मागचेपुढचे दोन दिवस साधारण आंघोळ नको, पाकिटावर लिहिलेलं असतं.

पावसाळ्यात सगळा खेळ वाळवण्याचा. वरून कोरडा वाटतो आणि आतली लव ओली राहते, मग तो आंबट वास, बुरशी, कधी एका रात्रीत ओलसर लाल चट्टा. टॉवेलने घासू नका, दाबून टिपा, मग पंखा किंवा ड्रायर थंड हवेवर, आणि बोटं आत घालून मुळाशी कोरडं लागतंय का बघा. पंजे तर प्रत्येक फेरीनंतर.

खाण्याचं थोडक्यात, केस म्हणजे जवळजवळ सगळं प्रोटीनच, आणि दूध-पोळी, वरणभातावर वाढलेल्या कुत्र्याचे केस निस्तेज असतात त्यात नवल नाही. अंडं उकडून, चिकन, काटे काढलेली तारली किंवा बांगडा, फोडणी नाही, कांदा-लसूण तर नाहीच. मासळीच्या तेलाने फरक पडतो पण महिना-दोन महिने जातात, आणि मात्रा वजनावर असते म्हणून डॉक्टरला विचारून. कॉड लिव्हर ऑइल वेगळं हं, त्यात व्हिटॅमिन ए भरपूर असतं, ते जास्त झालं की बाधतं.

घरासाठी दोनच युक्त्या. सोफ्यावर भांडी घासायचा रबरी हातमोजा ओला करून एकाच दिशेने ओढायचा, केसांची वळी तयार होते. आणि कोरड्या झाडूने केस फक्त जागा बदलतात, तेव्हा आधी ओलसर पोछा. कपडे मशीनला टाकायच्या आधी गच्चीत झटका.

डॉक्टरकडे कधी जायचं, तर गळणं आणि टक्कल यातला फरक ओळखा. सगळीकडून सारखे गळताहेत आणि खाली कातडी स्वच्छ आहे तर ठीक. पण गोल चट्टे, लाली, खपल्या, वास, सतत खाजवणं असेल तर उशीर नको, त्यात बुरशीचा नायटा निघाला तर तो घरातल्या माणसांनाही होतो. दोन्ही कुशींवर सारखेच केस विरळ होताहेत, कुत्रा सुस्त आणि जाड होतोय, तर थायरॉइड तपासून घ्या. दवाखान्याच्या टेबलावर अचानक मूठभर केस पडले तर मात्र घाबरू नका, भीतीने पडतात. पिल्लं झाल्यावर कुत्रीचे भराभर गळतात, तेही नंतर भरून येतात.

राहिले ते ब्रशमधले केस. चिमण्यांना घरट्यासाठी म्हणून मी ते बाल्कनीच्या कुंडीत ठेवायचे, छान वाटायचं. पण मानेवर टाकतो ते गोचिडांचं औषध अंगभर पसरतं आणि केसांतही राहतं, चिमण्यांच्या पिल्लांना ते बरं नाही, म्हणून आता सरळ कागदात गुंडाळून कचऱ्यात.