वडापावच्या गाडीवर जीडीपी मोजा, मग ठरवा शोध भारी की नाही

जीडीपी, म्हणजे देशात वर्षभरात तयार झालेल्या माल-सेवांची एकूण किंमत, हा मोठा शोध आहे असं कोणी म्हटलं की मला हसूच यायचं, शोध म्हटलं की बल्ब नाहीतर विमान. पण कागद-पेन घ्या आणि एकदा स्वतः मोजून बघा.

आधी साखळी मांडा (आकडे सोयीसाठी घेतलेत). शेतकऱ्याने 400 चा गहू विकला, मिलने मैदा करून 600 ला, बेकरीने पाव करून 1000 ला, गाडीवाल्याने ते पाव आणि वर 700 चं बटाटे-बेसन-तेल घेऊन 2500 चे वडापाव खपवले. आता सगळी विक्री बेरजेला घेऊ नका! 5200 येतील, कारण तोच गहू चार वेळा मोजला जातो. प्रत्येकाच्या विक्रीतून त्याने विकत आणलेला माल वजा करा, उरतं ते त्याचं मूल्यवर्धन. 400, 200, 400, गाडीवाल्याचे 800, आणि बटाटे-तेलवाल्यांचे 700, त्यांची साखळी इथे उलगडत बसत नाही. झाले 2500.

आता उलटीकडून या. गिऱ्हाइकांनी खर्च केला 2500. आणि गाडीवरच्या 800 मधले 300 पोऱ्याचा पगार, 500 मालकाचे, असं एकेकाची कमाई लिहीत गेलात तरी 2500 च. तीन वाटा, उत्तर एक, म्हणजे एकीकडे चुकलं तर दुसरीकडे सापडतं. मला तर ही वजाबाकीच खरा शोध वाटते.

ती नसेल तर काय होतं ते अमेरिकेने महामंदीत बघितलं, रेल्वेची मालवाहतूक, शेअरचे भाव, असल्या तुकड्यांवर अंदाज चालायचे. 1934 मध्ये अर्थतज्ज्ञ सायमन कुझनेट्सने तिथल्या सिनेटला हिशोब दिला तेव्हा कळलं की 1929 ते 1932 मध्ये देशाचं उत्पन्न जवळपास निम्म्यावर आलंय. आपल्याकडे दादाभाई नौरोजींनी त्याच्या कितीतरी आधी माणशी वर्षाला 20 रुपये उत्पन्न काढून दाखवले होते, आणि 1949 च्या राष्ट्रीय उत्पन्न समितीत संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस, अर्थतज्ज्ञ व्ही. के. आर. व्ही. राव यांच्यासोबत पुण्याचे अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ होते.

बातमी वाचताना एक बघा, आकडा चालू किमतीचा (त्या-त्या वर्षीच्या भावाने) की स्थिर किमतीचा (एका ठरावीक वर्षाच्या भावाने). वडापाव 15 चा 20 झाला आणि खपले तेवढेच, तर वाढलं काहीच नाही, फक्त भाव.

आणि हो, तेच वडे आईने घरी तळले तर बटाटे-तेल मोजलं जातं, तिची मेहनत शून्य. गृहिणींचं काम यात धरलेलं नाही हे कुझनेट्सने त्याच रिपोर्टात लिहून ठेवलंय.