फोटोवर अभिप्राय देताना आणि घेताना: या चुका टाळा

पक्ष्यांचे फोटो काढणारा हौशी ग्रुप भिगवणच्या पाणथळीवरून परतला की रात्री फोटो पडायला लागतात आणि खाली ठरलेली वाक्यं येतात: ‘मस्त’, ‘अप्रतिम सर’, ‘थोडा सॉफ्ट वाटतोय’. पहिल्या दोन वाक्यांनी कुणाचं काही बिघडत नाही, शिकायलाही काही मिळत नाही. खरा घोळ तिसऱ्यात आहे. सॉफ्ट, म्हणजे धूसर, का झाला हे कुणी बोलत नाही, मग फोटो काढणारा लेन्सवर संशय घेतो आणि पुढच्या महिन्यात वापरलेली का होईना, दुसरी लेन्स शोधू लागतो.

लक्षण सांगून थांबणं

धूसरपणाची मुख्य अशी चार वेगळी कारणं असतात आणि ती फोटोतच ओळखता येतात. फोटो शंभर टक्के मोठा करून बघा. पक्षी धूसर, पण त्याच्या पुढचं किंवा मागचं गवत कोरीव असेल तर फोकस चुकला आहे. पक्षी, पाणी, काठी सगळंच एका दिशेने ओढल्यासारखं दिसत असेल तर कॅमेरा हलला. डोळा स्वच्छ आणि फक्त पंखांची टोकं पुसट असतील तर शटर स्पीड पक्ष्याला कमी पडला. चौथं कारण सर्वांत जास्त निसटतं: ऊन चढल्यावर पाण्यावरून उठणारी गरम हवा. यात कडा वितळल्यासारख्या वाकतात आणि सलग काढलेल्या दहा फ्रेममध्ये प्रत्येकीत त्या वेगळ्या दिसतात. म्हणूनच अशा वेळी एकच फ्रेम पाहून मत देऊ नका, आधीच्या-नंतरच्या फ्रेमही मागवा.

उपाय कारणाप्रमाणे बदलतो. ४०० मिमी लेन्स १.५ क्रॉपच्या, म्हणजे लहान सेन्सरच्या, बॉडीवर हातात धरली असेल तर १/६०० सेकंद हा शटरचा किमान वेग झाला (४०० × १.५ = ६००). होडीतून १/१००० च्या खाली जाऊ नये. उडत्या फ्लेमिंगोला १/१६०० पुरतो, पण पाण्यात सूर मारणाऱ्या नदी सुरय पक्ष्याला १/२५०० लागतो. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन हाताचा कंप थांबवतं, पक्ष्याचे पंख नाही. आणि गरम हवेवर कुठलीही लेन्स चालत नाही, उलट जास्त झूम केलं की ती जास्त दिसते. उपाय दोनच: सूर्य वर यायच्या आत जा, नाहीतर अंतर कमी करा.

‘नॉइज (दाणे) फार आहे’ हेही असंच अर्धवट वाक्य. आधी क्रॉप किती केला, म्हणजे फोटो किती कापला, ते विचारा. २४ मेगापिक्सेलची फाइल ६००० × ४००० असते. त्यातून १५०० × १००० चा तुकडा घेतला तर उरले दीड मेगापिक्सेल, म्हणजे मूळच्या सोळाव्या भागाएवढे. मग आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) ८०० सुद्धा दाणेदार दिसणारच. दोष आयएसओचा नाही, अंतराचा आहे.

भलत्याच फाइलवर मत देणं

व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून टाकलं की आकार घटतो, बारीक पिसं चिखलासारखी एकमेकांत मिसळतात आणि एक्झिफ माहिती (फाइलमधली शटर, आयएसओ वगैरेंची नोंद) निघून जाते. फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली तर मूळ तशीच पोचते. रंग मेलेले दिसत असतील तर फाइल ॲडोबी आरजीबी या कलर स्पेसमध्ये सेव्ह झाली आहे का बघा. शेअर करताना एसआरजीबी ही कलर स्पेस ठेवावी. बघणाऱ्यानेही मोबाइलचा स्क्रीन पिवळसर करणारा नाइट मोड बंद करावा, नाहीतर ‘व्हाइट बॅलन्स पिवळा’ हा शेरा फोटोवर न बसता स्वतःच्या स्क्रीनवर बसतो. बैठकीत प्रोजेक्टर असेल तर काळेपणाबद्दल बोलण्यापूर्वी हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख) उघडा, कारण खोलीत उजेड असला की प्रोजेक्टर प्रत्येक सावली करडी करून टाकतो.

नियम फेकून मोकळं होणं

‘थर्डवर घ्यायला हवा होता’, म्हणजे विषय मध्यभागी न ठेवता फ्रेमच्या एक-तृतीयांशावर. पण स्थिर पाण्यात फ्लेमिंगो आणि त्याचं पूर्ण प्रतिबिंब असेल तर मध्यभागी ठेवण्यात काहीच वावगं नाही. पाय कापले गेलेत का, प्रतिबिंबाची चोच फ्रेमबाहेर गेली का, हे प्रश्न जास्त कामाचे. शेऱ्यात जागा, परिणाम आणि पुढच्या वेळचं पाऊल असावं: ‘बगळ्याच्या पाठीवरचं पांढरं उडालंय, पिसं दिसत नाहीत. मागचं पाणी गडद होतं म्हणून मीटरने उजेड वाढवला. पुढच्या वेळी अशा पार्श्वभूमीवर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन −०.७ ते −१ ठेवून बघ.’ तीन-चार वाक्यं पुरतात.

बोलण्याचा क्रमही महत्त्वाचा. ग्रुपमधले जुने काका आधी बोलले की बाकीचे माना डोलावतात. म्हणून सर्वांत नव्याने सुरुवात करावी, ज्येष्ठांनी नंतर बोलावं आणि फोटो काढणाऱ्याने अगदी शेवटी. न विचारता दुसऱ्याचा फोटो एडिट करून ग्रुपवर परत टाकणं तर नकोच. क्रॉप सुचवायचा असेल तर परवानगी घ्या आणि स्क्रीनशॉटवर रेषा मारून फक्त त्यालाच पाठवा.

अभिप्राय घेताना

एकदम चौदा फोटो टाकले तर कुणीच नीट बघत नाही. एक किंवा दोन टाका, सोबत लेन्स, शटर, ॲपर्चर, आयएसओ आणि क्रॉपचं प्रमाण लिहा. ‘कसा वाटला?’ विचारलं की ‘छान’ हेच उत्तर येणार. ‘डावीकडची काठी काढावी की ठेवावी?’ असं विचारा.

‘होडी हलत होती’, ‘उजेडच नव्हता’ हे स्पष्टीकरण पहिला शेरा येताच देऊ नका. समोरचा तिथेच गप्प होतो. सगळं ऐकून घ्या, मग परिस्थिती सांगा, कारण उपाय ठरवायला ती लागतेच. दोघांनी एकमेकांचं न वाचता एकाच जागेवर बोट ठेवलं तर तिथे खरोखर काहीतरी खटकतंय. त्यांनी सुचवलेला उपाय मात्र जसाच्या तसा घ्यायलाच हवा असं नाही. बदल रॉ फाइलच्या (कॅमेऱ्याच्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या फाइलच्या) वेगळ्या कॉपीवर करा, म्हणजे दोन्ही शेजारी ठेवून तुलना करता येते.

एका बाबतीत मात्र तंत्राची चर्चा मागे ठेवावी. घरट्यावरच्या पक्ष्याचा जवळून काढलेला फोटो आला तर शार्पनेसचं कौतुक नको. अंतर किती होतं, फांद्या बाजूला केल्या का, पक्षी उठून गेला का, हे आधी विचारा. आणि जागेचं नाव लिहिलं असेल तर ते लगेच काढायला सांगा.