आंदोलनात प्रगतिपुस्तक अर्धवट आलं तर

शिक्षकांचं आंदोलन म्हणजे दरवेळी शाळा बंद असं नसतं. बरेचदा शिकवणं, पेपर तपासणं चालू राहतं; बहिष्कार असतो तो गुण संगणकावर भरण्यावर किंवा शेरे लिहिण्यावर. त्यामुळे गुण असतात, फक्त प्रगतिपुस्तकात उतरलेले नसतात. तपासलेल्या उत्तरपत्रिका आणि वह्या मुलाकडून मागून घ्या, गुण तारखेसकट लिहून ठेवा.

मग टक्केवारी स्वतः काढून बघा. खरी गडबड इथेच होते. 20 गुणांच्या तीन चाचण्या, मिळाले 16 आणि 14, तिसरीचे भरलेच नाहीत. रिकामी जागा शून्य धरली गेली तर 60 पैकी 30, म्हणजे 50 टक्के. ती वगळली तर 40 पैकी 30, म्हणजे 75. हजेरीतही संपाचे दिवस मुलाची गैरहजेरी म्हणून धरलेत का, पाहा.

दुरुस्तीचा अर्ज मुख्याध्यापकांच्या नावे द्या, पोच घ्या. वर्गशिक्षकांमागे तगादा लावू नका. त्यांच्या हातात फारसं काही नसतं. दुसरीकडे प्रवेश घ्यायचा असेल, तर कोणते रकाने का रिकामे आहेत हे सांगणारं सही-शिक्क्याचं पत्र शाळेकडून मागा.