कुत्र्याचा व्हॅस्क्युलायटिस : स्टिरॉइड उतरवायचं कसं?

कानाची कड उंदराने कुरतडल्यासारखी दिसतेय, शेपटीच्या टोकाला आणि पंजाच्या गाद्यांवर काळ्या खपल्या धरल्यात? प्रत्येक वेळी ती खरूजच असते असं नाही. त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या सुजल्या (हाच व्हॅस्क्युलायटिस) की टोकांना रक्त पोचत नाही आणि तिथली कातडी मरते. हळद, खोबरेल तेल, मेडिकलमधलं माणसांचं मलम यातलं काहीही लावू नका. कुत्रा चाटून टाकतो आणि डॉक्टरांना जखम ओळखू येत नाही.

लाल चट्ट्यावर पारदर्शक काच दाबून बघा. लाली गेली नाही, तर रक्त वाहिनीबाहेर झिरपलंय. लगेच डॉक्टर गाठा.

पावसाळ्यात पुण्यातल्या वेताळ टेकडीवर नाहीतर तळजाईवर फिरवत असाल, तर आधी गोचीड तापाची रक्ततपासणी. गोचिडीतून येणाऱ्या एर्लिकिया या जंतूमुळेही हे होतं. अलीकडची औषधं आणि लशींच्या तारखा लिहून न्या. बायोप्सी (तपासायला घेतलेला कातडीचा तुकडा) ताज्या चट्ट्याच्या कडेची आणि शक्यतो स्टिरॉइडच्या आधी. काळ्या भागात नुसती मेलेली कातडी सापडते.

पेंटॉक्सिफायलीन, म्हणजे बारीक वाहिन्यांतून रक्त नीट वाहावं म्हणून देतात ती गोळी, जेवणासोबत. गुण यायला काही आठवडे, कधी दोन-तीन महिने लागतात.

खरी कसोटी प्रेडनिसोलोनची, म्हणजे स्टिरॉइडच्या गोळीची. मीही तिथेच अडखळायचो. कुत्रा बादलीभर पाणी पितो, घरात मुततो, ताटावर डोळा ठेवून बसतो. त्यातच खपली गळून खाली गुलाबी कातडी दिसली की घरातलं कोणीतरी म्हणतंच, ‘बरा झालाय, आता बास.’ अजिबात ऐकू नका! बाहेरून स्टिरॉइड मिळत असताना शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं. गोळी एकदम तोडली की उलट्या होतात, कुत्रा गळून पडतो, जीवावरही बेतू शकतं. नवा चट्टा येणं पूर्ण थांबल्यावरच डोस उतरवायचा. सहसा दर दोन ते चार आठवड्यांनी साधारण पाव हिस्सा कमी, मग दिवसाआड. आकडा डॉक्टरांचा, फ्रिजवर तक्ता तुमचा. दर रविवारी त्याच कानाचा, त्याच उजेडात फोटो काढा. कडेला लाल रेघ दिसली तर पुढची कपात थांबवा आणि फोन करा. डिसेंबरच्या थंडीत कानाची टोकं आधी बिघडतात, म्हणून त्या महिन्यात मी डोस उतरवायची घाई करत नाही.

दुखतंय म्हणून घरातली कॉम्बिफ्लाम वगैरे देऊ नका. स्टिरॉइडसोबत तिने पोटात अल्सर होतात, आणि तिच्यातलं आयबुप्रोफेन कुत्र्याला तसंही विषारीच.

लशीनंतर त्रास सुरू झाला असेल, तर पुढच्या लशीआधी डॉक्टरांना आठवण करून द्या. रेबीजची लस मात्र स्वतःच्या मनाने टाळायची नाही.