एचपीच्या आधी सुरुवातीचा टॉर्क काढा

किलोवॅट गुणिले ९५५०, भागिले आरपीएम, हे सूत्र डिप्लोमा-आयटीआयच्या पोरांना पाठ असतं. ७.५ किलोवॅट, १४४० आरपीएमची मोटर म्हणजे ५० न्यूटन-मीटर. पण हा झाला चालू मोटरचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर. मशीन जागचं हलवायला किती लागतो, हे फारसं कोणी शिकवत नाही आणि नवीन माणूस तिथेच फसतो.

कन्व्हेयर घ्या. ड्रमचा व्यास ४०० मिलिमीटर, पट्ट्याची ओढ ५००० न्यूटन, म्हणजे ड्रमवर १००० न्यूटन-मीटर. ३०:१ चा वर्म गिअरबॉक्स, कार्यक्षमता ७०%. मोटरच्या वाट्याला आले ४८. कागदावर ७.५ किलोवॅट बसली. आता माल भरलेला असताना लाइट गेली. भरलेला पट्टा उचलायला दीडपट धरा, म्हणजे ७२. वर्म गिअरबॉक्स सुरुवातीला आणखी खातो, ते वेगळंच. डीओएलवर, म्हणजे थेट पूर्ण व्होल्टेजवर सुरू करताना, २२०% टॉर्क देणारी मोटर ११० देते, निभावतं. स्टार-डेल्टा (आधी कमी व्होल्टेजच्या स्टार जोडणीत सुरू करून टायमरने डेल्टात नेणारा स्टार्टर) असेल तर स्टारमध्ये त्याचा तिसरा हिस्सा, जेमतेम ३७. त्यात ४१५ ऐवजी ३७० व्होल्ट आले तर २९, कारण टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाने पडतो. पट्टा हलत नाही, टायमर संपतो, उभ्या मोटरला डेल्टा मिळतो आणि ओव्हरलोड रिले (जास्त करंट गेला की मोटर बंद करणारा) ट्रिप होतो.

मग कोणीतरी सीनियर सांगतो, रिलेचं सेटिंग वाढव. अजिबात वाढवू नका! स्टार-डेल्टात रिले वाइंडिंगच्या फेजमध्ये बसवलेला असेल तर सेटिंग फुल लोड करंटच्या ०.५८ पट, म्हणजे १४ अँपिअरच्या मोटरला ८. तिथे १४ ठेवलंत तर वाइंडिंग जळेपर्यंत रिले गप्प बसेल. ‘एक साइझ मोठी मोटर टाका’ हाही उपाय नव्हे. ११ किलोवॅटची मोटरही स्टारमध्ये ५३ च्या आसपास देते, आपल्याला हवेत ७२. सप्लाय झेपत असेल तर डीओएल करा, नाहीतर व्हीएफडी (फ्रिक्वेन्सी बदलून वेग सांभाळणारा ड्राइव्ह) लावा. तोही कॉन्स्टंट टॉर्क रेटिंगचा, ६० सेकंद १५०% देणारा आणि एक साइझ मोठा. पंपाचा ११०% वाला ड्राइव्ह इथे चालत नाही.

बाकीची मशीन्स इतकी छळत नाहीत, घाबरू नका. सेंट्रिफ्युगल पंपाला स्टार-डेल्टा छान चालतो, डिलिव्हरी व्हॉल्व्ह बंद ठेवून सुरू करा. मात्र व्हीएफडीने ५० चे ६० हर्ट्झ केलेत तर पॉवर १.७३ पट लागते. मोठ्या ब्लोअरला सुरुवातीला टॉर्क कमी लागतो, पण वेग घ्यायला वेळ लागतो, टायमर त्या हिशेबाने लावा. गिअर पंप पहिल्या फेरीपासून पूर्ण टॉर्क मागतो आणि त्याचा व्हॉल्व्ह बंद कधीच नको. पिस्टन कॉम्प्रेसरचा अनलोडर (सुरू होताना दाब सोडणारा भाग) तपासा. खडी क्रशर चेंबर रिकामं करूनच सुरू करा.

आणि रिवाइंडिंगवाल्याकडे जाऊन बसा, कॅटलॉगपेक्षा तिथे जास्त कळतं. तिन्ही फेजच्या कॉइल सारख्या काळ्या पडल्या असतील तर ओव्हरलोड किंवा अडकलेला रोटर. डेल्टा मोटरमध्ये एकाच फेजच्या जळाल्या असतील तर सिंगल फेजिंग, म्हणजे एक फेज तुटलेली, तिथे टॉर्कचा हिशेब पुन्हा करत बसू नका, फ्यूज आणि कॉन्टॅक्टर बघा.