स्पीकरची बॅटरी घरी बदलताय? या चुका टाळा

दोन-तीन उन्हाळे काढलेल्या ब्लूटूथ स्पीकरची तक्रार परभणीत ऐका नाहीतर लातूरच्या गंजगोलाईत, शब्द तेच असतात: “दादा, चार्जिंग घ्यायलंय, पण पिन काढली की बंद पडायलंय.” दुकानदार मजुरीचा आकडा सांगतो, गिऱ्हाईक तोंड वाकडं करतं आणि घरी येऊन ऑनलाइन बॅटरी मागवतं. त्यात गैर काही नाही. मोबाइलची स्क्रीन बदलण्यापेक्षा हे काम कितीतरी सोपं आहे. पण “खाचेत बसली म्हणजे जुळली” या समजुतीपायी चांगले बोर्ड जळतात. म्हणून पेचकस हातात घेण्याआधी दोन-तीनशे रुपयांचा साधा डिजिटल मल्टिमीटर आणा. तो नसेल तर स्पीकर उघडूच नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

बॅटरीवर आधीच खापर फोडू नका

शेतातल्या आखाड्यावर (पत्र्याच्या खोपीत), ट्रॅक्टरच्या मडगार्डवर ठेवलेल्या स्पीकरच्या चार्जिंग खाचेत काय काय जातं ते टॉर्च मारून बघा. माती, कापसाचे तंतू, घाम. आधी कोरड्या, मऊ ब्रशनं ते साफ करा. सुई किंवा पिन घालू नका, आतली पट्टी वाकते.

दुसरी गंमत टाईप-सी खाचेची. बऱ्याच स्वस्त स्पीकरांत या खाचेमागचे दोन छोटे रेझिस्टर (‘इथं वीज हवीय’ असं चार्जरला कळवणारे बारीक भाग) कंपनीनं वाचवलेले असतात. असा स्पीकर दोन्ही बाजूंनी सी पिन असलेल्या केबलवर चार्जच होत नाही, मग चार्जर कितीही महागाचा असो. चार्जरच्या टोकाला जुनी चपटी यूएसबी पिन असलेली केबल आणि साधा ५ व्होल्टचा चार्जर लावून बघा. “बॅटरी गेली” म्हणून आणलेले काही स्पीकर एवढ्यावरच जिवंत होतात.

तरीही चालेना, तर मग उघडा आणि मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून बॅटरीच्या दोन टोकांवर लावा. एका लिथियम सेलचं नाममात्र व्होल्टेज ३.७ असतं, पूर्ण भरल्यावर ४.२. रात्रभर चार्ज करूनही ३.२ च दाखवत असेल तर चार्जिंगची खाच किंवा बोर्ड तपासा. ४.१ दाखवतंय आणि दोन गाण्यांत धाडकन खाली येतंय, तर सेल थकला. ४.१ आहे आणि स्पीकर चालूच होत नाही, तर नवी बॅटरी घालून पैसे वाया घालवू नका, दोष बहुधा बोर्डात किंवा बटणात आहे.

उघडताना

स्क्रू रबरी पायांखाली नाहीतर जाळीखाली लपलेले असतात. ते सगळे एका लांबीचे नसतात. लांब स्क्रू छोट्याच्या जागी पिळला तर प्लास्टिक फाटतं, म्हणून कागदावर स्पीकरचा आकार काढून ज्याचा स्क्रू त्याच जागी टोचून ठेवा. बाजूचा हलणारा रबरी पडदा (बेससाठी असतो तो) बोटानं दाबू नका, पेचकसानं तर नाहीच. आणि झाकण झटक्यात ओढू नका, आत पट्टीसारखी पातळ वायर असते.

बॅटरी डिंकानं चिकटवलेली असेल तर लोखंडी पेचकसानं उचकटण्याचा मोह आवरा. जुनं एटीएम कार्ड सरकवा, सावकाश. पाकिटासारखी चपटी बॅटरी फुगलेली असेल तर टोचायची, दाबायची किंवा गरम करायची नाही. उघड्यावर, फरशीवर काम करा, जवळ वाळूची बादली असू द्या.

सगळ्यात महागात पडणारी चूक: लाल वायर

इथं थोडं थांबून सांगतो.

नवी बॅटरी येते, तिला पांढरा दोन पिनांचा कनेक्टर असतो, बोर्डावरच्या खाचेत तो टचकन बसतो. लाल म्हणजे प्लस, काळा म्हणजे मायनस, हेही बरोबर. पण त्या पांढऱ्या कनेक्टरमध्ये लाल वायर डावीकडे की उजवीकडे, याचा कुठलाही सर्वमान्य नियम नाही. एका कारखान्याचा माल एका बाजूचा, दुसऱ्याचा उलटा. उलटा बसला की क्षणात बारीक धूर आणि जळका वास, चार्जिंगची चिप संपली.

म्हणून जुनी बॅटरी काढण्याआधी फोटो काढा. बोर्डावर खाचेजवळ ‘बी प्लस’, ‘बी मायनस’ अशी खूण बहुधा असते, ती बघा. मग नवी बॅटरी न जोडता तिच्या कनेक्टरवर मीटर लावा: आकड्याच्या आधी वजाचं चिन्ह आलं तर मीटरची लाल दांडी मायनसवर आहे. उलटं निघालं तर वायर कापायची नाही. कनेक्टरवरची छोटी प्लास्टिकची जीभ सुईनं किंचित उचला, धातूची पिन वायरीसकट मागं येते. लगेच तिच्या टोकाला टेप गुंडाळा, मगच दुसरी काढा आणि जागा बदलून बसवा. वायर कापायचीच वेळ आली तर एका वेळी एकच. दोन्ही वायरी एकदम कटरच्या पात्यात धरल्या तर पातंच शॉर्ट करतं आणि ठिणगी थेट तोंडाजवळ उडते.

तिसरी पिवळी किंवा पांढरी वायर दिसली तर ती बहुधा तापमान मोजणाऱ्या छोट्या सेन्सरची असते. “काय करायचीय ती” म्हणून मोकळी सोडली, की स्पीकर चार्जिंगचा दिवा लुकलुकत बसतो आणि बॅटरी भरत नाही.

आकड्यांना भुलू नका

१८६५० म्हणजे १८ मिलिमीटर जाडीचा आणि ६५ मिलिमीटर लांबीचा गोल सेल. या आकारातल्या चांगल्या सेलची क्षमता साधारण ३५०० एमएएच पर्यंत जाते. त्यावर ९९०० छापलेलं असेल तर ते खोटं आहे, स्वस्तात मिळालं म्हणून खरं होत नाही. किराणा दुकानाच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवा: चांगला सेल ४५ ते ५० ग्रॅमच्या आसपास भरतो. तीस ग्रॅमचा निघाला तर परत पाठवा.

गावाकडं आणखी एक प्रयोग चालतो. बंद पडलेल्या सोलर दिव्यातला सेल काढायचा आणि स्पीकरात घालायचा. त्यातले बरेच सेल ३.२ व्होल्टचे, लिथियम आयर्न फॉस्फेटचे असतात. ते ३.६५ ला भरतात, स्पीकरचा चार्जर मात्र त्यांना ४.२ पर्यंत रेटतो. आकार तोच, गाणंही वाजतं, आणि आत सेलवर ताण येत राहतो. सेलवरचं व्होल्टेज वाचल्याशिवाय काहीही घालू नका.

दोन सेल असलेल्या स्पीकरात एक नवा, एक जुना अशी काटकसर चालत नाही. दोन्ही एकाच प्रकारचे, एकाच क्षमतेचे आणि जोडताना जवळपास सारख्या व्होल्टेजचे हवेत. सेलच्या डोक्यावर थेट सोल्डरिंग करू नका, उष्णता आत जाते. निकेलच्या पट्ट्या आधीच लावलेला आणि संरक्षक सर्किट (सेल जास्त भरला, फार रिकामा झाला किंवा शॉर्ट झाला की वीज तोडणारं) असलेला पॅक मागवा, नाहीतर स्पॉट वेल्डिंग करणाऱ्याकडून करून घ्या. स्पीकरच्या बोर्डावर संरक्षण असेल असं गृहीत धरून उघडा सेल जोडणं म्हणजे नसता धोका.

हळदी-सप्ताहात फिरणाऱ्या चाकांच्या ट्रॉली स्पीकरची गोष्ट वेगळी. त्यात बहुधा १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी असते. तिच्या जागी तीन लिथियम सेलांचा पॅक टाकून तोच चार्जर वापरायचा नाही: तो पॅक १२.६ ला भरतो, लेड-ॲसिडचा चार्जर त्याच्या वर जातो. लेड-ॲसिडच्या जागी लेड-ॲसिडच घाला, आणि सप्ताह संपल्यावर रिकामी ठेवू नका. दोन महिन्यांतून एकदा तरी चार्ज करा.

बसवली, तरी चालू होईना?

नव्या पॅकवर मीटर शून्य दाखवत असेल तर घाबरू नका. संरक्षक सर्किट कधी कधी कुलूप लावून बसतं, स्पीकर जोडून पाच मिनिटं चार्जर लावला की उघडतं. आवाज वाढवला की बंद पडत असेल तर सेलला एवढा करंट देता येत नाही, किंवा जॉइंट कच्चा आहे. टक्केवारी चुकीची सांगत असेल तर एकदा पूर्ण भरून, बंद पडेपर्यंत वाजवून पुन्हा पूर्ण भरा. बऱ्याचदा गाडी रुळावर येते.

पहिलं चार्जिंग गादीवर किंवा झोपताना नको. फरशीवर, डोळ्यासमोर करा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा ४२-४३ ला जातो आणि पत्र्याच्या आखाड्यात त्याहून वर. ४५ अंशांच्या पुढं लिथियम सेल चार्ज करणं त्याचं आयुष्य खाणं आहे, तेव्हा चार्जिंग सकाळी किंवा रात्रीच. पाण्यात चालणारा स्पीकर एकदा उघडला की त्या हमीवर विसंबू नका. रबरी कडी जागेवर बसवली तरी तो हौदाच्या काठावर ठेवू नका.

राहिली जुनी बॅटरी. तिच्या टोकांना टेप लावा, पत्र्याच्या डब्यात ठेवा आणि घराबाहेर सावलीत. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, तेव्हा शहरात गेलात की ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रात द्या. भंगारवाल्याच्या पोत्यात टाकू नका. तिथं तिला कोण हातोडीनं ठोकेल, सांगता येत नाही.