नॉर्दर्न लाइट्स बघायला जाताय? केपी सोडा, ढग वाचायला शिका

शेंगेन व्हिसा, प्रवास विमा, रजा आणि पैसे यांची सोय झाली आहे असं धरून चालते. मी ऑस्लोत राहते. दर हिवाळ्यात पुण्या-मुंबईहून कुणी ना कुणी येतं आणि त्यांना उत्तर नॉर्वेतल्या ट्रॉम्सोला नेऊन ‘ते हिरवं’ दाखवणं हे काम आता माझ्याच गळ्यात पडलेलं आहे. येताना ही मंडळी जो सल्ला गोळा करून येतात तो ऐकून डोकं फिरतं. केपी, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातल्या खळबळीचा आकडा, पाच असल्याशिवाय काही दिसत नाही म्हणे. अमावास्याच हवी म्हणे. डिसेंबरातच जायचं आणि काचेच्या इग्लूत झोपून बघायचं. यातल्या एकाही गोष्टीवर पैसे घालवू नका.

१. गाव ठरवा

ट्रॉम्सो. आर्क्टिक वृत्ताच्या सुमारे साडेतीनशे किलोमीटर आत, ऑस्लोहून विमानाने दोन तासांच्या आत. विद्यापीठाचं गाव असल्यामुळे दुकानं, दवाखाना, चांगली कॉफी सगळं आहे आणि दिवसाही वेळ जातो.

फिनलंडमधलं रोव्हानिएमी लहान मुलांना सांताक्लॉज दाखवायला ठीक, पण ते जेमतेम वृत्तावर आहे. स्वीडनमधलं अबिस्को ही खरी पर्यायी जागा. पश्चिमेकडचे डोंगर समुद्राची ओल अडवून धरतात, त्यामुळे तिथे वर्षाला जेमतेम ३०० मिलिमीटर पाऊस-बर्फ पडतो आणि आकाश बरंच मोकळं असतं. फक्त प्रकाशासाठीच जायचं असेल, बाकी काही नाही झालं तरी चालणार असेल, तर खुशाल अबिस्को घ्या. घरातले ज्येष्ठ सोबत असतील तर ट्रॉम्सोच.

काचेच्या इग्लूबद्दल माझं मत स्पष्ट आहे: नको. एका रात्रीचे भरमसाट पैसे मोजून तुम्ही स्वतःला एका जागी खिळवून घेता आणि वर ढग आले की काचेतून ढग बघत झोपता. बोटीवरच्या जेवणाच्या सहलीचंही तेच. बोट ढगांना गाठून पुढे जाऊ शकत नाही आणि हलत्या डेकवर फोटो येत नाहीत.

२. तारखा

सप्टेंबरअखेर ते मार्चअखेर कधीही. ट्रॉम्सोत २७ नोव्हेंबर ते १५ जानेवारी सूर्य क्षितिजावर येतच नाही. दुपारी दोन-तीन तास निळसर उजेड, बाकी अंधार. ऐकायला छान वाटतं, पण चौथ्या दिवशी पाहुणे चिडचिडे होतात. माझी पसंती फेब्रुवारीचा शेवट ते मार्चचा मध्य. बर्फ भरपूर, दिवसा ऊन, रात्री पुरेसा अंधार. शिवाय मार्च आणि सप्टेंबरच्या आसपास, म्हणजे दिवस-रात्र सारखे असताना, पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात खळबळ सरासरीने जास्त असते.

चंद्राचा विचार सोडा. पौर्णिमेला प्रकाश थोडा फिका पडतो, पण बर्फ आणि डोंगर उजळतात आणि फोटो उलट चांगले येतात.

रात्री किमान चार. एका रात्रीची शक्यता निम्मी धरली तर तीन रात्रींत एकदा तरी दिसण्याची शक्यता आठात सात, असा हिशोब लोक मांडतात. कागदावर बरोबर, पण ढगाळ हवा एकदा आली की दोन-तीन रात्री मुक्काम ठोकते. म्हणून ती एक जास्तीची रात्र.

३. कपडे आणि खाणं

आत लोकर, मध्ये लोकर किंवा फ्लीस, वर वारा अडवणारं जाकीट. सुती बनियन घरी ठेवा. बूट एक नंबर मोठे, बोटं आत हलली पाहिजेत. गावात रस्ते काचेसारखे होतात, त्यामुळे बुटांना लावायचे खिळ्यांचे पट्टे पहिल्याच दिवशी घ्या. खाऊ आणा, पण युरोपच्या बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ नॉर्वेत आणायला बंदी आहे. चकल्या येतील, पेढे आणि तूप नाही.

४. केपी विसरा

केपी हा अख्ख्या पृथ्वीसाठी दर तीन तासांचा एक आकडा, ० ते ९. चुंबकीय ध्रुवाभोवती या प्रकाशाचं कडं असतं आणि आकडा चढला की ते कडं दक्षिणेकडे पसरतं. १०-११ मे २०२४ च्या मोठ्या सौर वादळात लडाखमधल्या हानलेहून लाल प्रकाश कॅमेऱ्यात आला, तो असाच. म्हणजे केपी हा जर्मनीत किंवा लडाखमध्ये बसलेल्याच्या कामाचा आकडा. ट्रॉम्सो नेहमीच्या कड्याच्या खालीच आहे. तिथे केपी १ किंवा २ असतानाही डोक्यावर पट्टे नाचतात.

आकडा बघितल्याशिवाय करमतच नसेल तर ‘बीझेड’ बघा, म्हणजे सूर्याकडून येणाऱ्या वाऱ्यातलं चुंबकीय क्षेत्र उत्तरेकडे आहे (अधिक) की दक्षिणेकडे (उणे), ते. पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर, सूर्याच्या दिशेला असलेली यानं तो मोजतात. तो उणे झाला आणि उणेच राहिला तर अर्ध्या-एक तासात काहीतरी होण्याची आशा धरा. पण तेव्हा तुम्ही मोकळ्या आकाशाखाली असायला हवं, आणि खरं काम तेच आहे.

५. ढग

हीच पायरी मला सगळ्यात जड गेली. अंदाज समोर असायचा, पण वाचता यायचा नाही. इथे घाई करू नका.

हा प्रकाश जमिनीपासून साधारण शंभर किलोमीटरच्या वर असतो आणि ढग पहिल्या दहा किलोमीटरांत. वर काहीही चालू असो, मध्ये ढग आला की खेळ खलास. आणि ट्रॉम्सोत ढग येतातच. अटलांटिकचा उबदार प्रवाह या किनाऱ्याला लागून जातो, म्हणून जानेवारीतही सरासरी तापमान उणे चारच्या आसपास राहतं. आणि हीच ऊब समुद्रावरून ढग घेऊन येते. त्यामुळे ट्रॉम्सो हा मुक्काम समजा. बघायची जागा रोज संध्याकाळी नव्याने ठरवायची.

ती कशी ठरवायची? दुपारी तीन-चारच्या सुमारास फोन घेऊन बसा. ‘यर’ हे नॉर्वेच्या हवामान खात्याचं आणि सरकारी प्रसारण संस्थेचं ॲप उघडा. ट्रॉम्सो शहरापुढचं ढगाचं चित्र बघून निराश व्हायचं नाही. चार ठिकाणं शेजारी-शेजारी बघायची: पश्चिमेला समुद्राच्या तोंडावरचं सोमारॉय, खुद्द ट्रॉम्सो, फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांत आत घुसलेल्या चिंचोळ्या खाडीच्या, पोटातलं स्किबोटन आणि सीमेपलीकडे फिनलंडमधलं किल्पिसयार्वी. संध्याकाळी सहा ते रात्री एक, तासातासाचा तक्ता. या चारांपैकी एक तरी ठिकाण बहुतेक रात्री बाकीच्यांपेक्षा बरं असतं.

का, ते वाऱ्याच्या दिशेवरून कळतं. वारा पश्चिमेकडून किंवा वायव्येकडून असेल तर ओली हवा समुद्रावरून येते, किनाऱ्यावरच्या डोंगरांवर आपटते आणि तिथेच रिकामी होते. अशा रात्री स्किबोटन आणि किल्पिसयार्वी. महाबळेश्वरला धो-धो आणि माणदेशात कोरडं, तोच प्रकार. वारा आग्नेयेकडून असेल तर उलट: हवा फिनलंडच्या बाजूने कोरडी येते, डोंगर उतरून किनारा मोकळा होतो आणि क्वालोया बेटावर किंवा सोमारॉयला तासाभरात पोचून काम होतं. हे न बघता ‘स्किबोटन बेस्ट आहे’ म्हणून दर रात्री तिकडे पळणारे लोक मी पाहिले आहेत. मागे, किनाऱ्यावर, आकाश स्वच्छ असतं.

मग थर बघा. ‘विंडी’ या हवामानाच्या ॲपवर खालचे, मधले आणि वरचे ढग वेगवेगळे दिसतात. वरचे पातळ ढग असले तरी जा, त्यांतून प्रकाश दिसतो, थोडा दुधाळ होतो इतकंच. खालचे ढग दाट असतील तर ती जागा खोडा. ‘आकाश ८० टक्के झाकलेलं’ या एका आकड्यावरून घरी बसणं हा मूर्खपणा आहे. ते ८० टक्के कोणत्या थरातले, हा प्रश्न आधी विचारा.

निघण्याआधी उपग्रहाचं ताजं चित्र, इन्फ्रारेडमधलं. अंदाज हा अंदाज असतो, चित्र म्हणजे आत्ता काय आहे ते. दोघांत भांडण असेल तर चित्राचं ऐका.

एक प्रकार वेगळा ओळखा. वायव्येचा वारा आणि थांबून-थांबून बर्फाच्या सरी. अंदाजात अशी रात्र वाईट दिसते, पण दोन सरींच्या मध्ये आकाश अगदी स्वच्छ होतं, वीस मिनिटं, कधी अर्धा तास. अशा वेळी धावायचं नाही. गाडीत बसा, चहा प्या, सर जाऊ द्या.

पोचल्यावर वर बघा. सप्तर्षी तिथे मावळत नाहीत आणि ध्रुवतारा जवळजवळ डोक्यावर, सत्तर अंशांच्या उंचीवर असतो (मुंबईत तो एकोणीसवर असतो). हे दोन्ही दिसले की जागा बरोबर आहे, आता तासभर हलू नका. आणखी पुढे चांगलं असेल या हव्यासापायी लोक सगळी रात्र गाडीत काढतात.

मागच्या खेपेला किल्पिसयार्वीच्या रस्त्यावर एका थांब्यावर उभे होतो. उणे अठरा. आमचे एक काका गाडीतून उतरायला तयार नव्हते, कारण त्यांच्या ॲपवर ‘शक्यता कमी’ असं आलं होतं. उत्तरेला डोंगराच्या कडेवर पांढुरका, कुणी बोटाने पुसल्यासारखा पट्टा दिसत होता. “अगं, ढग आहे तो,” काका आतूनच म्हणाले. ढगातून तारे दिसत नाहीत, या पट्ट्यातून दिसत होते. मोबाइल गाडीच्या टपावर टेकवला, तीन सेकंदांचा फोटो काढला, तर पडद्यावर पट्टा हिरवागार. अंधुक प्रकाशात आपल्या डोळ्यांना रंग नीट कळत नाहीत, त्यामुळे सुरुवात बहुतेक वेळा अशी करडी असते. पाचेक मिनिटांनी तो पट्टा वर सरकला, त्याला कंगोरे फुटले, खालची कडा गुलाबी झाली आणि काका मोजे नीट न चढवताच बाहेर आले.

म्हणून शंका आली की दोन गोष्टी करा: तारे आरपार दिसतात का बघा आणि एक फोटो काढा.

६. गाडी

बर्फावर गाडी चालवायची सवय नसेल तर भाड्याने गाडी घेऊ नका. खिळ्यांचे टायर असतात, तरी रात्री, गोठलेल्या रस्त्यावर, एक डोळा आकाशाकडे ठेवून चालवणं हा नवख्याचा खेळ नाही, आणि मूस हा प्राणी अंधारात अचानक रस्त्यावर येतो. छोट्या गटाची सहल घ्या. पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचारा. गाडीत किती माणसं? आकाशासाठी गरज पडली तर फिनलंडपर्यंत नेता का? परतायची वेळ ठरलेली आहे की आकाश बघून ठरते? ‘आमची ठरलेली जागा आहे, तिथे शेकोटी आणि सूप’ असं उत्तर आलं तर शेकोटी आणि सूपच मिळेल. आणि पासपोर्ट खिशात ठेवा, सीमा ओलांडायची आहे.

स्वतः चालवणार असाल तर रस्त्याच्या कडेला थांबू नका, आखलेल्या थांब्यावरच थांबा.

७. फोटो

तिपाई हवीच. आयएसओ १६०० ते ३२००, छिद्र (ॲपर्चर) एफ २.८ किंवा लेन्स देईल तितकं मोठं, पाच ते आठ सेकंद. प्रकाश जोरात नाचत असेल तर दोन सेकंद, नाहीतर पट्ट्यांचा नुसता लगदा होतो. ऑटोफोकस बंद, एखाद्या ठळक ताऱ्यावर हाताने फोकस. जास्तीची बॅटरी आतल्या खिशात, अंगाच्या उबेला.

हॉटेलात शिरण्याआधी कॅमेरा बाहेरच बॅगेत घालून चेन लावा आणि खोलीत ती बॅग दोन-तीन तास उघडू नका. थंडगार लेन्सवर उबदार हवेचं पाणी धरतं आणि ते आतपर्यंत जातं. मेमरी कार्ड मात्र बाहेर असतानाच काढून खिशात टाका, नाहीतर रात्री तीन वाजता फोटो बघायच्या उतावळेपणात कुणीतरी ती बॅग उघडतंच.